ज्या विमानात दाणे चढले नाहीत

१

रायपूरहून नागपूरमार्गे मुंबईला निघालेलं मेघवाट एअरचं विमान गोंदियाच्या आभाळात होतं. खिडकीजवळच्या एका प्रवाशाने सँडविचचा दुसरा घास घेतला आणि त्याचे ओठ सुजायला लागले. मग डोळे. मग त्याला श्वास पुरेना. त्याने धडपडत बॅगेतून स्वतःचं इंजेक्शन काढलं आणि पँटवरूनच मांडीत खुपसलं. शेजारचे गृहस्थ तोवर आपलं सँडविच संपवून हा प्रकार पाहत होते. त्यांनी आस्थेने विचारलं, "गाडी लागते का तुम्हाला?"

प्रवासी वाचला. त्याचं नाव अनिमेष भादुरी. मूळचा कलकत्त्याचा, पण बरीच वर्षं परदेशात. राज्य नवं झालं होतं, त्याला नवी राजधानी हवी होती, आणि गावाबाहेरच्या धानाच्या शेतांवर ती कशी उभी करायची याचा नकाशा काढायला सरकारने त्याला बोलावलं होतं. त्याच्या शरीराला शेंगदाणा चालत नसे. चालत नसे म्हणजे एक कणही नाही. तिकीट काढतानाच त्याने हे कंपनीला कळवलं होतं.

कंपनीने, आश्चर्य म्हणजे, ऐकलंही होतं. एरवी प्रत्येक प्रवाशाला खाऱ्या दाण्यांची पुडी मिळे. त्या दिवशी पुड्या विमानात चढल्याच नाहीत. त्याऐवजी खारी गेली. तेलीबांध्याच्या ज्या स्वयंपाकघरातून खाण्याचे डबे येत, त्यांनी सही करून दिलं होतं की आमच्या कशातही शेंगदाणा नाही.

म्हणजे विमानात शेंगदाणा नव्हता. आणि नागपूरच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की होता.

प्रकरण खाद्य निरीक्षक नरहरी वैरागडे यांच्या टेबलावर आलं. नरहरी मूळचे भंडाऱ्याचे, नोकरी जुन्या राजधानीतली. राज्य वाटलं गेलं तेव्हा फायली, पंखे आणि माणसंही वाटली गेली, आणि नरहरी पंख्यांच्या ट्रकमागोमाग रायपूरला आले. प्रयोगशाळा मात्र जुन्या राजधानीतच राहिली. अर्धं खाल्लेलं सँडविच पिशवीत घालून तिकडे पाठवलं, तर 'परराज्याचे नमुने पुढील आदेशापर्यंत स्वीकारले जात नाहीत' असा शेरा घेऊन ते परत आलं. येईपर्यंत त्याच्यावर हिरवी बुरशी चढली होती. त्याला आता नमुना म्हणवत नव्हतं, पीक म्हणता आलं असतं.

"वैरागडे जी," साहेब म्हणाले, "लॅब तो है नहीं. आप लोगों से बात करके ही पता कर लीजिए. ऊपर से फोन पर फोन आ रहे हैं. एक आदमी चाहिए."

"कौन सा आदमी, सर?"

"जिसने किया."

"और किसी ने न किया हो तो?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तो भी आदमी तो लगेगा न," ते म्हणाले.

२

तेलीबांध्याच्या तलावापलीकडे, नव्या बंगल्यांच्या मागे, यशवंतराव ठवकरांचं स्वयंपाकघर होतं. यशवंतरावांची हयात लग्नाच्या पंगती उठवण्यात गेली होती. राजधानी आल्यावर ते विमानाकडे वळले. नरहरींना पाहताच त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि एका पोरीला पुढे केलं.

"ही दीक्षा. सुपरवायझर. सही हिचीच आहे," ते म्हणाले आणि खुर्ची थोडी मागे घेऊन बसले, म्हणजे पुढचं जे काय व्हायचं ते आपल्यावर उडू नये.

दीक्षा गजभिये बीरगांवची. वडील रेल्वेतून निवृत्त, मुलगी हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली. गळ्यात विमानतळाचा पास होता, फोटोवाला, निळ्या फितीचा. बोलताना तिचा हात सारखा त्या पासावर जात होता. त्या पासासाठी पोलिसांची तपासणी बीरगांवात घरी आली होती, आणि शिपाई नेहमीपेक्षा वेगळ्या कारणाने आला म्हणून सगळ्या मोहल्ल्यात पेढे वाटले गेले होते.

"साहेब, एक दाणा नव्हता इथं," ती म्हणाली. "दाण्याची गोणी मी सरांच्या घरी पाठवली. फल्लीदाण्याचं तेल काढून सोयाबीनचं आणलं. भांडी उकळत्या पाण्यातून काढली. पोरींचे डबे पाहिले, एकीच्या डब्यात चिवडा होता, तो बाहेर पाठवला. अन् झाडू मी स्वतः मारला."

"काहून स्वतः?"

"दुसरीनं मारला तर तो मारला की फिरवला, कसं कळन?"

नरहरींना पोरगी आवडली. हे तपासाच्या दृष्टीने वाईट होतं.

"सँडविचात काय काय असते?"

"ब्रेड, लोणी, काकडी, चीज, हिरवी चटणी. खाऊन पाहा न."

त्यांनी खाल्लं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यामुळे दुसरंही खाल्लं. "चटणी चांगली आहे," ते म्हणाले.

"हो न?" पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. "आधी पाणी सुटायचं हिले. विमान लेट झालं की ब्रेडचा चिखल. मी आल्यापासून एक कंप्लेंट नाही."

"कंपनी तेवढंच पाहते," यशवंतराव मागून म्हणाले. "चव पाहत नाही, माणूस जगला का पाहत नाही. कंप्लेंट किती आल्या, बस. या पोरीमुळे कंत्राट टिकलं आमचं, खोटं काहून बोलू. पण आता असं आहे, साहेब, की सही तिची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही दुसरा कोणी शोधून दिला तर ठीक. नाहीतर पास परत करावा लागन तिले. मी काय करू शकतो?"

दीक्षाचा हात पासावरच होता.

नरहरी बाहेर आले. अंगणात डबे नेणारी गाडी उभी होती. त्यांनी सवयीने आत डोकावून पाहिलं, मग वाकून पुन्हा पाहिलं. ड्रायव्हरच्या सीटखाली शेंगदाण्याच्या टरफलांचा ढीग होता.

३

"हव साहब, खाए रहेंव," हरिदास म्हणाला.

हरिदास गाडीचा ड्रायव्हर. वय पन्नाशीपुढचं, तोंडात शब्द कमी. नरहरींना वाटलं होतं की तो नाही म्हणेल, मग आपण टरफलं दाखवू, मग तो घाबरेल. तो पहिल्या प्रश्नालाच हो म्हटल्यामुळे पुढचे सगळे प्रश्न वाया गेले.

"त्या दिवशीही?"

"रोज खाथंव साहब. पंडरी बजार ले लेथंव, गरम-गरम. एअरपोर्ट में घंटा भर गेट नहीं खुलय. का करबो?"

नरहरींनी गाडी उघडून पाहिली. पुढे ड्रायव्हर, मध्ये पत्र्याची भिंत, मागे डबे. डब्यांना दीक्षा स्वयंपाकघरातच चिकटपट्टी लावे आणि ती विमानात सोनिया नावाची हवाई सुंदरी काढे. त्या दिवशीची पट्टी शाबूत होती, हे कंपनीचेच लोक सांगत होते. दाणा पत्रा फोडून, पट्टीखालून शिरून नेमका एकाच सँडविचात जाऊन बसला असेल तर त्याला पकडणं खाद्य निरीक्षकाच्या कुवतीतलं नव्हतं.

"यानं नाही केलं," ते यशवंतरावांना म्हणाले.

"मी त्याले घरी बसवलं आहे."

"पण यानं केलं नाही."

"ते तुम्ही ठरवा न आरामात. ठरेपर्यंत कोणीतरी घरी बसलेलं दिसलं पाहिजे."

हरिदासने गाडीची किल्ली खिशातून काढून भिंतीवरच्या खिळ्याला लावली. मग परत वळून ती नीट लागली का ते पाहिलं. "ब्रेक थोरिक ढीला हे," तो यशवंतरावांना म्हणाला, "नवा ड्रायवर ला बता देबे, मालिक." आणि चालत गेला.

४

सोनिया विमानतळाच्या कँटीनमध्ये भेटली. बाप अमरावतीचा, पोरगी रायपूरची.

"अंकल, मराठी समझती हूँ, बोलना नहीं आता," तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं, आणि त्यानंतर दोघं आपापल्या भाषेत बोलत राहिले. रायपूरच्या निम्म्या मराठी घरांत जेवणं अशीच होतात.

"सँडविच तूच दिलं त्याले?"

"हाँ. ग्लव्स पहनकर. मैंने ही सील तोड़ी."

"पर्स दाखव."

तिचा रंग उतरला. मग तिने पर्स उघडली. आत लिपस्टिक, पिना आणि खाऱ्या दाण्यांच्या पुड्याच पुड्या.

"बच जाते हैं न अंकल," ती खाली मान घालून म्हणाली. "लोग मना कर देते हैं. फेंकने से अच्छा... हमारे घर में अब कोई दाने खरीदता ही नहीं. पूरे मोहल्ले को मम्मी बाँटती है."

"त्या दिवशी पर्समध्ये होत्या?"

"थे. पर पर्स ऊपर बंद थी. और पैकेट भी बंद. देखिए." तिने एक पुडी त्यांच्या हातात दिली. पुडी दातांनी फाडायचा प्रयत्न नरहरींनी केला आणि सोडून दिला. या पुड्या बंद राहण्यासाठीच बनवल्या होत्या. दाणे आत असणं हा योगायोग होता.

"तुले काय वाटते? कसं झालं असन?"

सोनियाने खांदे उडवले. "अंकल, ऊपर तो सब पैक होकर आता है. हमको क्या पता अंदर क्या है. हम तो बस मुस्कुराते हैं."

घरी गेल्यावर नरहरींनी हे सगळं बायकोला सांगितलं. प्रेमलाबाई खाली बसून खलबत्त्यात कुटत होत्या. मिक्सर बिघडला होता आणि दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणून गेल्या आठवड्यापासून येत होता. ताटात पोळी होती, वांग्याची भाजी होती, काकडीची कोशिंबीर होती. नरहरी जेवता जेवता बोलत होते.

"तीन माणसं. एकाकडे दाणे होते पण डब्यात हात घालता येत नव्हता. एकीकडे दाणे होते पण पुडी फुटत नव्हती. अन् जिचा हात डब्यात होता, तिच्याकडे दाणेच नव्हते. खोटं कोणीच बोलून नाही राहिलं. हेच तर वाईट आहे."

"अन् तो माणूस आता कुठं आहे?"

"आला परत. सर्किट हाउसमध्ये आहे. केळं खातो, नारळाचं पाणी पितो, उकडलेलं अंडं खातो. जे निसर्गानं पॅक करून दिलं तेवढंच."

प्रेमलाबाईंचा बत्ता थांबला. "अहो, पाहुणा माणूस आपल्या गावात केळं खाऊन राहतो? उद्या डबा नेऊ आपण. मी करते काही साधं."

"कोशिंबीर वाढ थोडी," नरहरी म्हणाले.

५

अनिमेष भादुरींच्या खोलीत पलंगावर, टेबलावर आणि जमिनीवर नकाशा पसरलेला होता. शेतांवरून सरळ रेघा गेल्या होत्या. एका कोपऱ्यात केळ्याच्या सालांची टोपली होती. ओठांची सूज उतरली होती, पण माणूस अजून स्वतःचं तोंड जपून वापरत होता.

"मुझे सज़ा नहीं दिलवानी किसी को," तो म्हणाला. त्याची हिंदी बंगाली वळणाची आणि सौम्य होती. "बस बता दीजिए कहाँ से आया. नहीं पता चलेगा तो मैं खाऊँ क्या? लाखों लोगों का शहर बना रहा हूँ, और एक प्लेट पर भरोसा नहीं."

नरहरींनी बायकोकडे पाहिलं. प्रेमलाबाईंकडे डबा होता.

"लौकी है, भैया," त्या झाकण उघडत म्हणाल्या. "एकदम सादी. मिर्ची भी नहीं. मैंने अपने हाथ से बनाई, घर में. और दाने का तो नाम नहीं."

अनिमेष बराच वेळ डब्याकडे पाहत राहिला. वाफ येत होती. आठवडाभर सालींतून जेवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरच्या भाजीचा वास आला की काय होतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "दीदी, पक्का?"

"माँ कसम."

त्याने चमचा घेतला.

नरहरीही भाजीकडे पाहत होते, आणि त्यांच्या डोक्यात एक अगदी निरुपयोगी विचार आला. दुधीला पाणी सुटतं. त्यांच्या आईच्या भाजीला सुटायचं, मेसच्या भाजीला सुटायचं. प्रेमलाच्या भाजीला लग्नापासून कधी सुटलं नाही. हिलाही सुटलं नव्हतं. रस दाट, चमच्याला धरून बसलेला. सुटणं हा शब्द अलीकडे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला होता. कुणाच्या ते आठवलं, तेव्हा चमचा अनिमेषच्या तोंडाशी पोचला होता.

"प्रेमला, ही भाजी घट्ट कशानं झाली?"

"कशानं म्हणजे? कुटानं."

"कशाचं कूट?"

"कशाचं असते कूट? दा—"

नरहरींनी झेप घेतली. असं त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं. चमचा उडाला, भाजी उडाली आणि नव्या राजधानीच्या नकाशावर, जिथे मंत्रालय व्हायचं होतं, तिथे दुधीचं एक तळं पडलं.

प्रेमलाबाई तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी आईची शपथ घेतली होती, आणि ती खोटी नव्हती.

६

बीरगांवात गजभियांच्या घरी नरहरी पोचले तेव्हा दयाराम गजभिये टीव्हीवर बातम्या पाहत होते. दीक्षा घरीच होती. चौकशी संपेपर्यंत येऊ नको असं यशवंतरावांनी फोन करून सांगितलं होतं. पास तरीही गळ्यात होता.

"चटणीत काय काय घालते, सांग बरं," नरहरी म्हणाले.

"कोथिंबीर, हिरवी मिरची, जिरं, मीठ, लिंबू."

"अन् सुटू नये म्हणून?"

दीक्षाने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

उत्तर आतून, ओट्यावरून आलं. "कूट घालते न ते चमचाभर," तिची आई सत्यभामाबाई म्हणाल्या. "मीच सांगतलं होतं तिले. विमानातला ब्रेड ओला होते म्हणे, तर मी म्हटलं, वेडे, कूट घाल, पाणी पिऊन घेते." त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काहून? काय झालं?"

दयारामांनी टीव्ही बंद केला.

नरहरींनी सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतं. पोरीने शेंगदाणे काढले होते, खरोखर काढले होते. गोणी, तेल, चिवडा, पुड्या. शेंगदाणा म्हणजे जो दिसतो, सोलता येतो, मूठभर घेऊन खाता येतो तो. कूट ही निराळी गोष्ट. कूट मिठाच्या बाजूला असतं. 'भाजीत काय घातलं' असं विचारलं तर कोण मीठ सांगतं? तेही तसंच. नरहरी स्वतः तिथे बसून दोन सँडविच खाऊन आले होते. खाद्य निरीक्षक होते. आयुष्यभर खात आले होते म्हणूनच त्यांना ते लागलं नाही.

"डबा मिठाच्या बाजूलेच होता," दीक्षा हळू म्हणाली. "झाडू मारताना मी तो उचलला. पुसला. अन् परत जागेवर ठेवला."

सत्यभामाबाई खाली बसल्या. "म्हणजे माझ्याच्यानं झालं हे."

"आई, गप."

"मी न सांगतलं असतं तर—"

"गप न आई."

नरहरींनी घसा साफ केला. नोकरीत त्यांनी कधी कुणाला वाचवलं नव्हतं, त्यामुळे सुरुवात कशी करतात ते माहीत नव्हतं. "असं आहे," ते म्हणाले, "नमुना सडला. लॅब नाही. मी लिहू शकतो की कारण समजून आलं नाही. चटणीचं माझ्या बायकोशिवाय कोणाले माहीत नाही. अन् तो भादुरी, तो म्हणते कोणाले सजा नको."

दयाराम पोरीकडे पाहत होते. सांग म्हणून नाही, सांगू नको म्हणूनही नाही.

"अन् हरिदास भैया?" दीक्षाने विचारलं.

नरहरींनी बंद टीव्हीकडे पाहिलं.

"वरच्यांना कोणीतरी माणूस पाहिजेच न? मग तो भैयाच राहीन."

"तो राहीन," नरहरींनी कबूल केलं.

तिने पासाची फीत बोटाला गुंडाळली, सोडली. "लिहा काका. माझंच नाव लिहा. पण पूर्ण लिहा. काहून झालं ते पण लिहा. नुसतं नाव लिहाल तर कोणाले काहीच समजणार नाही, अन् पुन्हा होईन."

सत्यभामाबाईंनी पाहुण्याला चहा विचारला नाही. कुणाला सुचलंच नाही.

७

नरहरींनी पूर्ण लिहिलं. नोकरीतला हा त्यांचा पहिला अहवाल, जो त्यांनी स्वतः दोनदा वाचला.

साहेबांनी तो एकदा वाचला. "ये कूट क्या है?"

"भुनी मूंगफली का चूरा, सर."

"तो मूंगफली लिखिए."

"सर, मूंगफली लिखेंगे तो कोई नहीं समझेगा. मूंगफली तो उन्होंने निकाल ही दी थी. बात कूट की है. हमारे घरों में—"

"वैरागडे जी." साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली केला. "लौकी, चटनी, माँ ने बताया... ये रसोई की बातें फाइल में अच्छी नहीं लगतीं. ऊपर वाले हँसेंगे." आणि त्यांनी मधला मजकूर आडव्या रेघेने खोडला. रेघ सरळ होती, नकाशावरच्यासारखी. वर घटना राहिली, खाली निष्कर्ष राहिला: सुपरवायझरचा निष्काळजीपणा.

"सर, वजह ही तो—"

"वजह का क्या करेंगे? आदमी मिल गया न."

कारण गाळलं गेलं, शिक्षा राहिली. विमानात शेंगदाण्याच्या पुड्या कायमच्या बंद करण्याचा आदेश निघाला. हरिदासला किल्ली परत मिळाली. तो एक दिवस ऑफिसात येऊन, काही न बोलता, गरम फल्लीचा, भाजलेल्या शेंगांचा, पुडा नरहरींच्या टेबलावर ठेवून गेला. दीक्षाने गेटवर पास जमा केला. शिपायाने नियमाप्रमाणे तो कापला आणि फोटोचा तुकडा तिच्या हातात दिला. म्हणाला, "दीदी, फोटो तो आपका ही है."

नरहरी स्वतः तेलीबांध्याला गेले आणि यशवंतरावांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"बरं झालं सांगतलं, साहेब," यशवंतराव म्हणाले. त्यांनी लगेच हाक मारली, डबा मागवला आणि नरहरींच्या देखत कूट तलावात ओतलं. माशांनी ते खाल्लं. "आजपासून बंद. शब्द देतो."

नरहरी त्या दिवशी बरे झोपले.

८

काही महिन्यांनी मेघवाट एअरने उत्तम सहकार्याबद्दल खात्यातल्या लोकांना नागपूरचं एकेक तिकीट पाठवलं. असं घेणं नियमात बसत नव्हतं, म्हणून साहेबांनी आधी स्वतःचं वापरून पाहिलं. काही झालं नाही. मग नरहरींनीही वापरलं.

जन्मात पहिल्यांदाच ते विमानात बसले. विमान उशिरा निघालं, बरंच उशिरा. माना विमानतळावर ऊन तापत होतं आणि हरिदासची गाडी कधीची येऊन परत गेली होती. पट्टा बांधून नरहरी खिडकीतून खाली पाहत राहिले. शेतांमध्ये सरळ रेघा उमटायला लागल्या होत्या.

सोनिया ट्रॉली घेऊन आली. "अरे अंकल, आप," ती हसली. खाऱ्या दाण्यांच्या जागी आता भाजलेले चणे होते. आणि सँडविच.

नरहरींनी सँडविच हातात घेतलं. विमान उशिरा निघालं होतं, ऊन होतं, म्हणजे ब्रेड ओला असायला हवा होता. ब्रेड कोरडा होता.

त्यांनी एक घास घेतला आणि या वेळी जिभेला विचारलं.

"सोनिया," ते म्हणाले, "यशवंतरावांच्या चटणीचं काय झालं होतं मधी?"

"मत पूछिए अंकल. बीच में एकदम पानी-पानी. इतनी कंप्लेंट, इतनी कंप्लेंट, कॉन्ट्रैक्ट जाने वाला था. अब फिर ठीक है." ती पुढच्या रांगेकडे वळली.

"थांब. यात कूट आहे."

"कूट?" सोनियाने क्षणभर विचार केला आणि तिचा चेहरा घरगुती झाला. "वो तो मम्मी भी डालती है. मूंगफली नहीं है अंकल, टेन्शन मत लीजिए. मूंगफली का तो ऑर्डर है." आणि ट्रॉली पुढे गेली. पट्टा बांधायची खूण वर पेटलेली होती, विमान हलत होतं, आणि ट्रॉलीमागून सँडविचं वाटली जात होती.

नरहरींनी हवाई सुंदरीला बोलावायचं बटण दाबलं. डोक्यावर दिवा लागला. ते वाचायच्या दिव्याचं बटण होतं.

पुढच्या सीटवरच्या बाईंनी आपल्या लहान मुलीसाठी सँडविचचे चार तुकडे केले होते. नरहरी पट्टा ताणून पुढे वाकले.

"ताई, पोरीले दाणे चालतात न?"

बाईंनी वळून पाहिलं. मग त्या समजूतदारपणे हसल्या, एक तुकडा उघडला आणि नरहरींच्याच दिव्याच्या उजेडात धरून दाखवला. "यात दाणे कुठं आहेत, काका?"

चटणी हिरवी होती, एकसारखी होती, ब्रेडला छान धरून बसलेली होती. नरहरींनी नीट पाहिलं. दाणा खरंच एकही नव्हता.